कोमलच्या मोबाईलवरचं पांढरं पान

ईशान, मीरा,

ही गोष्ट तुमच्या आजोबांना शेवटपर्यंत कळली नाही. तुमच्या आईला माहीत नाही. विमलताईंबरोबर मी रोज संध्याकाळी फिरायला जाते, त्यांनाही माहीत नाही. बोलायची वेळच आली नाही, असं म्हणता येणार नाही. वेळ पुष्कळदा आली. मी विषय बदलला.

मोबाईलवर नोट्स दाखवणारा ‘आजीचा व्ह्यूअर’ तुम्हाला ठाऊक आहे. ईशान, तू तो तुझ्या ऑफिसातल्या मित्रांना दाखवलास. शेवगावात राहणारी, सत्तरी ओलांडलेली माझी आजी जावास्क्रिप्ट लिहिते, असं सांगितलंस. मीरा, तू कॉलेजात माझ्यावर निबंध लिहिलास आणि मला वाचून दाखवलास. मी फोनवर हसले, छान लिहिलंयस म्हणाले. आता ईशान म्हणतोय की ते सगळं माझ्या नावानं नेटवर ठेवू या, लोकांना उपयोग होईल. ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ठरवण्याआधी तुम्हाला जे माहीत नाही, ते मी लिहून ठेवते.

मी गणिताची प्राध्यापक. कॉलेजात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यापाशी बसायला बाकी कुणी तयार नव्हतं, म्हणून मी बसले. पुढे बीसीएसच्या मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही काही शिक्षक मंडळींनी एक अभ्यास मंडळ सुरू केलं. विमलताई मुख्याध्यापिका होत्या, त्या प्रमुख. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. अकरावी-बारावीच्या मुली आईवडिलांबरोबर जातात, कारखान्याजवळच्या तळावर स्वयंपाक करतात, धाकटी भावंडं सांभाळतात. मार्चमध्ये परतेपर्यंत परीक्षा संपलेली असते किंवा तोंडावर आलेली असते. त्यांच्यासाठी आम्ही नोट्स तयार करायचो. हातानं लिहायचो, स्कॅन करायचो. प्रश्न एवढाच होता, की त्या मुलींपर्यंत पोचवायच्या कशा?

मुलींपाशी असायचा तो बापाचा मोबाईल. त्यात जागा नाही, नवं ॲप घ्यायची सोय नाही. फाइल पाठवली तर उघडायची कशात, इथून सुरुवात. म्हणून मी ठरवलं, की नोट्स थेट ब्राउझरमध्येच दिसल्या पाहिजेत. लिंक दाबली की पान समोर. बाकी काही करावं लागता कामा नये.

असं करणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्राम, तयार मिळते, फुकट मिळते. मला फक्त ती आमच्या पानात बसवायची होती. पण ‘फक्त’ म्हणण्याइतकं ते सोपं नव्हतं, हे ईशानला माहीत आहे. मीरासाठी लिहिते. लायब्ररी म्हणजे एक फाइल नसते. असंख्य बारक्या फाइली असतात, एकमेकींवर अवलंबून. ब्राउझरला त्या एकेक करून मागवायला लावल्या, तर तळावरच्या नेटवर दिवस जाईल. म्हणून बंडलर नावाचं एक साधन वापरून त्या सगळ्यांचं एकच आटोपशीर पुडकं बांधायचं. या लायब्ररीत आणखी एक गाठ होती. तिचे दोन भाग असतात. एक भाग पान पडद्यावर काढतो. दुसरा मागच्या खोलीत बसून फाइल उलगडत राहतो, म्हणजे पडदा अडकून पडत नाही. हा दुसरा भाग पुडक्यात कोंबून चालत नाही. तो वेगळा ठेवायचा आणि पहिल्याला त्याचा पत्ता सांगायचा. मी पत्ता सांगायची आणि बंडलर तो बदलून टाकायचा. काय काय करून पाहिलं! शेवटी जमलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी आजोबांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, “म्हणजे कागद दिसतोय, एवढंच ना?” मी म्हणाले, “एवढंच.”

आता मुद्द्याकडे यायला हवं. मी मघापासून कडेकडेनं चालते आहे.

त्या लायब्ररीबरोबर तिच्या दोन प्रती येतात. एक नव्या ब्राउझरांसाठी. दुसरी जुन्यांसाठी, तिला ‘लेगसी’ म्हणतात. काम दोघींचं एकच. पण नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला कळत नाही, म्हणून दुसऱ्या प्रतीत तेच सगळं जुन्या पद्धतीनं लिहिलेलं असतं. ती जड असते. तिच्यात ठिगळं असतात. पहिला नमुना मी जुनी प्रत घेऊन बांधला होता आणि तो चालत होता. मग मी ती काढली आणि नवी घातली. का? पुडकं हलकं झालं, हे एक. पण खरं कारण ते नाही. मला ठिगळांची प्रत आवडली नाही. माझ्या हातचं काम नीटनेटकं दिसायला हवं होतं.

ईशान, तू तेव्हा व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंस, “आजी, जुन्या फोनचं काय?” तुला आठवतही नसेल. मी म्हणाले, “अरे, आता सगळ्यांकडे नवेच असतात.” मी कुणाला विचारून हे बोलले होते? कुणालाच नाही. मी ते तू पाठवलेल्या लॅपटॉपवर पाहिलं होतं, माझ्या नव्या मोबाईलवर पाहिलं होतं, विमलताईंच्या मोबाईलवर पाहिलं होतं. आम्ही सगळ्या पेन्शनवाल्या बायका. आमचे मोबाईल मुलांनी घेऊन दिलेले.

आणि एक गोष्ट मी वाढवली. ती कुणी मागितली नव्हती. प्रत्येक मुलीला तिची स्वतःची लिंक दिली. नोट्सचं पहिलं पान तिच्या पडद्यावर उमटलं, की माझ्याकडे तिच्या नावापुढे खूण व्हायची. कोण अभ्यास करतंय, कोण नाही, घरबसल्या दिसायचं. विमलताईंना ते फार आवडलं नाही. “पोरींवर पाळत कशाला ठेवायची गं?” असं म्हणाल्या. मी म्हणाले, पाळत नाही, शिस्त आहे.

कोमलच्या नावापुढे एकही खूण नव्हती.

कोमल बारावीला होती. गाव आमच्याच तालुक्यातलं, पूर्वेकडचं, कोरडवाहू. शाळेतल्या बाई सांगायच्या की मुलगी हुशार आहे. त्या वर्षी ती आईवडिलांबरोबर प्रवरेकाठच्या एका कारखान्याच्या तळावर गेली होती. इकडे शेवगावात एका संस्थेच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली. परीक्षेपर्यंत राहायची, जेवायची सोय. कुठल्या मुलीला घ्यायचं ते संस्थेनं आमच्या मंडळावर सोपवलं. नावं दोन उरली होती, कोमल आणि आणखी एक. ज्या मुलीला जागा मिळेल ती तळावरून परत येणार, इथं राहून परीक्षा देणार. जिला मिळणार नाही, तिचं बहुधा ते वर्ष गेलं. आणि आमच्याकडे मुलीचं एक वर्ष गेलं, की पुढची वर्षं कुठे जातात ते सांगायला नको. हे मला पक्कं माहीत होतं.

मी खुणा पाहिल्या. दुसऱ्या मुलीच्या नावापुढे भरपूर होत्या. मी विमलताईंना तसं सांगितलं. काही अडचण असेल तर सांगा म्हणून त्यांनी कोमलच्या आईला, मंदाबाईंना, माझा नंबर दिला. एका दुपारी त्यांचा फोन आला.

“म्याडम, पोरगी रोज मोबाईल घिऊन बसती. पान उघडती तर पांढरं फटक. आक्षर न्हाई का काय न्हाई.”

“रेंज नसेल तिथं,” मी म्हणाले.

“रेंज न्हाई कशी? मंग आत्ता मी तुमच्याशी कशातनं बोलती?”

मला त्यांचा तो सूर आवडला नाही. आज वाटतं, किती सरळ प्रश्न होता. मी म्हणाले, मग डेटा संपला असेल. त्या म्हणाल्या, डेटा हाय, तिचा बाप रोज इडिओ बघतोय की. मी म्हणाले, मग तिला नीट दाबता येत नसेल. बाकीच्या मुलींना दिसतं, हिलाच कसं दिसत नाही?

“आता त्ये मला अडान्याला काय ठावं,” त्या म्हणाल्या. “पोरगी खोटं न्हाई बोलायची एवढं सांगती.”

मी फोन ठेवला आणि विमलताईंकडे गेले. तिथं दोघी-तिघी बसल्या होत्या. मी सांगितलं, की अभ्यास न करायला मुली काय काय कारणं शोधतात, पान म्हणे पांढरं दिसतं. सगळ्या हसल्या. विमलताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “सुधा, तुझ्या त्या यंत्रालाही एकदा दटावून विचार बाई. सगळं पोरीच्याच अंगावर नको.” मी म्हणाले, “विमलताई, यंत्राला खोटं बोलायचं कारणच काय?” हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं. पुढे एकदोनदा मी ते इतरांपुढेही म्हटलं.

जागा कुणाला द्यायची ते ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मला नोट्समधलं एक समीकरण तपासायचं होतं. नवा मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. स्वयंपाकघरात माझा जुना मोबाईल असायचा, आजोबा त्यावर बातम्या लावून ठेवायचे. तोच घेतला, लिंक उघडली.

पांढरं पान.

मी काय केलं असेल? मी रेंज पाहिली. मग डेटा पाहिला. मग वाटलं, आपणच चुकीचं दाबलं. पुन्हा दाबलं. मग ओट्याला टेकून उभी राहिले. मला लॅपटॉप उघडून शोधायची गरजही पडली नाही. पुडकं त्या जुन्या ब्राउझरपर्यंत पोचत होतं, पण त्याला ते वाचताच येत नव्हतं. पहिल्याच न कळलेल्या ओळीपाशी तो गप्प बसत होता. पान उमटत नव्हतं, म्हणून खूण होत नव्हती. कोमल सांगत होती तेच घडत होतं, शब्दाला शब्द. आणि माझं यंत्र मला सांगत होतं, की तिनं पान कधी उघडलंच नाही.

जेवणं झाल्यावर मी बसले. नवी प्रत काढली, जुनी घातली, दोन्ही भागांची, पुडकं पुन्हा बांधलं, नेटवर चढवलं. जुन्या मोबाईलवर लिंक उघडली. अक्षरं दिसली. माझंच अक्षर, स्वच्छ, समीकरणासकट. चहाच्या वेळेआधी सगळं झालं होतं. आजोबांनी विचारलं, “काय चाललंय एवढं?” मी म्हणाले, “काही नाही, थोडी साफसफाई.”

मंदाबाईंना फोन केला नाही. विमलताईंना केला नाही. मी स्वतःशी म्हणाले, उद्या बैठकीत सांगू, सगळ्यांसमोर एकदाच.

बैठक विमलताईंच्या घरी झाली. पोहे होते. त्यांच्या सुनेनं लिंबू विसरलं म्हणून हशा झाला. आम्ही पाच बायका, सगळ्या एकमेकींना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. तिथं मला कोण काय करणार होतं? मी म्हणायला हवं होतं, “अहो, चूक माझी आहे, कोमल खरं बोलत होती.” विमलताईंनी कपाळाला हात लावला असता, कुणीतरी माझी थट्टा केली असती, आणि मी आणखी दोन घास पोहे खाल्ले असते. याहून जास्त काही झालं नसतं. मी हे पुष्कळदा मनात मांडून पाहिलं आहे. माझं काय जाणार होतं? मला आजही उत्तर सापडत नाही. भीती म्हणावी, तर भिण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त ते वाक्य तोंडातून काढायचं नव्हतं.

विमलताईंनी विषय काढला. कोमलबद्दल तिच्या बाईंनी जे सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“सुधा, तुझ्या बाजूनं काही अडचण नव्हती ना? तू एकदा नाही म्हण, मग मी ही गोष्ट इथंच सोडते.”

“नव्हती,” मी म्हणाले.

एवढंच. माझी चूक कुठली, असं कुणी विचारलं, तर पुडकं बांधताना केलेली ती चूक नव्हे. तशी चूक कुणाकडूनही होते, दुपारभरात दुरुस्तही होते. मी सांगते आहे ते या एका शब्दाबद्दल. मला सत्य माहीत असताना, सरळ विचारलं असताना, समोरच्या बाईनं माझ्या शब्दावर सगळं सोडलं असताना, मी तो उच्चारला.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. ती मुलगी चांगली होती, कष्टाळू होती. तिचा यात काही संबंध नाही. ती पास झाली, पुढे नर्सिंगला गेली. आमच्या कार्यक्रमांत तिचं नाव घेतलं जातं, व्ह्यूअरचंही घेतलं जातं. मी तिथं बसलेली असते.

निर्णय कळवायला विमलताईंनीच मंदाबाईंना फोन लावला. मी शेजारी होते, स्पीकर चालू होता. पोरीनं पान एकदाही उघडलेलं नाही असं दिसतंय, एवढंच विमलताई हळू आवाजात म्हणाल्या. मग मंदाबाई म्हणाल्या, “म्हंजी आमच्याशी बी खोटंच बोलत हुती म्हना की.” त्या दुपारचा तो चढा सूर गेला होता. मागून एका माणसाचा आवाज आला, “आन तो मोबाईल हिकडं.” फोन बंद झाला.

मी तेव्हाही सांगू शकत होते. विमलताई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, “चला, अंधार पडायच्या आत निघते.”

त्या वर्षी कोमलनं परीक्षा दिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कळलं. सासर सुप्याजवळ, नवरा तिथल्या एमआयडीसीत कामाला. मी म्हणाले, चांगलं झालं. ईशान, त्याच सुमारास तू विचारलंस, “आजी, सगळ्या फोनवर चालतं ना?” मी म्हणाले, हो, पहिल्यापासून. तूही त्या ‘पहिल्यापासून’वर विश्वास ठेवलास, आणि मित्रांना सांगितलंस.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीच लिहिलं नसतं. मी ते नीट घडी घालून आत ठेवलं होतं, आणि माझी झोप उडाली होती वगैरे काही नाही. तसं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मी झोपत होते. पण गेल्या हिवाळ्यात मला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून शेवगावच्या स्टँडवर बसले होते. कडेवर मूल घेतलेली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली.

“म्याडम, वळखलं का? मी कोमल.”

मी तिला त्यापूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. तिनं मला आमच्या पानावरच्या फोटोवरून ओळखलं होतं. म्हणजे आता तिला ते पान दिसत होतं. ती वाकून पाया पडली, मूल सांभाळत. मला उठायला सुचलं नाही. माहेरी आली होती, म्हणाली, आणि परत निघाली होती.

“माज्या नणंदेला दिलंय तुमचं पान. बारावीला हाय ती. बगा, कसं झटक्यात उघडतंय.” तिनं मोबाईल काढून दाखवला. बऱ्यापैकी नवा होता. माझं अक्षर त्यावर उमटलं. “तवा मला कायच येत न्हवतं, म्याडम. त्याआदी मोबाईल कवा हातात घितलाच न्हवता ना. भलतंच कायतरी दाबत आसंन मी. पांढरंच दिसायचं. आन मी आपली आईला सांगायची, पान खराब हाय, पान खराब हाय.” ती हसली. “आई तुमाला लई बोलली न्हवं फोनवर? तिच्या वतीनं माफी मागते. आमच्यापायी तुमाला उगं तरास.”

मूल माझा चष्मा ओढायला बघत होतं. तिनं त्याचा हात धरला, दटावलं. माझ्याकडे पाहत ती थांबली होती. माझ्या उत्तराची वाट पाहत होती. आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. बैठक नव्हती. माझं जाण्यासारखंही काही नव्हतं. फक्त ती आणि मी.

“असू दे, बाळ,” मी म्हणाले. “होतं असं.”

तिला बरं वाटलेलं दिसलं.

नणंदेला काही अडलं तर विचारायला, म्हणून तिनं माझ्या मोबाईलवर मिस्ड कॉल दिला. मी तो नंबर नावासकट जपून ठेवला. मग तिची गाडी लागली. खिडकीतून तिनं मुलाचा हात हलवून दाखवला. मीही हात हलवला.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी तिला सांगितलेलं नाही.

आजी